ना जनावर त्याचे, ना गाडी त्याची

पैठण तालुक्यातील पाचोड हे गाव मराठवाड्यात दोन बाजारांसाठी ओळखले जाते. एक मोसंबीचा, दुसरा जनावरांचा. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग गावाला लागून जातो आणि दोन्ही बाजारांतला माल त्याच मार्गाने बाहेर पडतो. पुष्कळदा त्याच मालकाच्या गाडीतून आणि त्याच चालकाच्या हातून. आंबिया बहाराच्या दिवसांत मोसंबी भरून गाडी नेणारा चालक बहार सरला की बैल, म्हशी वा शेळ्या घेऊन निघतो. मोसंबीच्या खेपेत तो एक साधा कष्टकरी असतो. फळ वाटेत खराब झाले तर व्यापारी आणि मालक आपसात काय ते पाहून घेतात. चालकाला फार तर चार शब्द ऐकावे लागतात. जनावरांच्या खेपेत मात्र तोच इसम गावाची वेस ओलांडताच संशयित होतो. गाडी तीच, रस्ता तोच, परवाना तोच. हौद्यातला माल बदलला की चालकाचे समाजातले स्थानही बदलते, आणि या बदलाचा मोबदला म्हणून त्याच्या भत्त्यात पडलीच तर पडणारी भर अगदी किरकोळ असते.

जनावरांच्या व्यापाराविषयी गेली दहा-बारा वर्षे पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले. एका बाजूला गोरक्षणाची भाषा, दुसऱ्या बाजूला भाकड जनावरांच्या ओझ्याखाली दबलेल्या शेतकऱ्याची व्यथा. दोन्हींची चर्चा होणे क्रमप्राप्तच होते. परंतु या सर्व चर्चेत जनावर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते कसे, आणि ते नेणारा माणूस कोण, हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही. विद्वानांचीही गोष्ट निराळी नाही. १९६६ मध्ये मार्व्हिन हॅरिस या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने भारतातील गोपूजेच्या मुळाशी आर्थिक विवेक आहे असा सिद्धान्त मांडला. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकरांनी त्याला सडेतोड उत्तर दिले, पुढे के. एन. राज यांनीही त्या वादात भाग घेतला. आमच्या पिढीच्या विद्यार्थ्यांनी हा वाद आवडीने वाचला. गायी किती, बैल किती, चारा किती, शेण किती, सगळ्यांची मोजदाद त्या वादात झाली. वाहतूकदार मात्र त्या समीकरणात कोठे आला नाही.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो की नफा हे जोखीम पत्करण्याचे मोल आहे. पाचोडच्या बाजारातून निघणाऱ्या गाडीपुरते हे सूत्र उलटे झाले आहे. तेथे जोखीम ज्याच्या माथी आहे त्याच्या वाट्याला नफ्याचा अंशही नाही. जनावर व्यापाऱ्याचे, गाडी मालकाची, कर्ज वित्तसंस्थेचे. चालकाचे असे त्या गाडीत काहीच नसते, आणि तरीही गाडी अडवली गेली की पहिला हात पडतो तो त्याच्याच गळपट्टीवर.

मुळात जनावर फिरते का, हे आधी समजून घेतले पाहिजे. शेतकऱ्याच्या दृष्टीने बैल हे भांडवल आहे, आणि भांडवलाला घसारा असतो. कारखानदार जुने यंत्र मोडीत काढतो, आलेल्या पैशांत भर घालून नवे घेतो. कोरडवाहू शेतकऱ्याचा हिशेब याहून निराळा नव्हता. उतरलेला बैल बाजारात नेऊन विकायचा आणि त्या रकमेत पदरचे काही घालून दोन-चार दाती गोऱ्हा आणायचा. पेरणीच्या तोंडावर खरेदी वाढते, सुगी आटोपली की विक्री वाढते. पाऊस रुसला की कडब्याचे भाव चढतात आणि दावण रिकामी करण्याची घाई सुरू होते. लाल कंधारी नांदेडकडची, देवणी लातूरकडची, खिलार माणदेशाकडची. प्रत्येक जातीचे माहेर वेगळे आणि गिऱ्हाईक वेगळ्या जिल्ह्यातले. जनावरांचा बाजार हा असा स्वभावतःच दूरदूरचा व्यापार आहे. पूर्वी जनावरे पायी जात. मुक्कामामुक्कामाने, वाटेतले गवत-पाणी घेत, आठ-आठ दिवस चालत. एके काळी याच दख्खनच्या पठारावरून लमाणांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून फौजांना रसद पोहोचवीत असत. तेव्हा बैल माल वाहत होता. आता बैल हाच माल झाला आहे आणि त्याला वाहून नेणाऱ्या माणसाची किंमत मात्र त्या काळच्या नायकाइतकीही उरलेली नाही.

या व्यापारावर कायद्याची पकड टप्प्याटप्प्याने घट्ट होत गेली. महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम १९७६ चा. त्याने गायीच्या वधावर बंदी घातली. बैल व वळू यांच्या बाबतीत दाखल्याची अट ठेवली. १९९५ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती करून बैल व वळू यांचाही वध बंद केला; तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती वीस वर्षांनी, २०१५ मध्ये. दरम्यान २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने गुजरातचा तशाच स्वरूपाचा कायदा वैध ठरवला होता. म्हशी आणि रेडे यांना दाखल्यानिशी वाट मोकळी राहिली. या कायद्याची बाजू बरोबर की चूक, हा आजच्या लेखाचा विषय नाही. कायदा आहे तो आहे असे गृहीत धरूनच मी पुढे जातो. एवढे मात्र नोंदवले पाहिजे की बैलाची मोडीची किंमत त्याने जवळजवळ शून्यावर आणली. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गायी-बैलांची संख्या सुमारे १ कोटी ५५ लाख होती. २०१९ मध्ये ती १ कोटी ४० लाखांवर आली. ही घट केवळ कायद्याने झाली असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. ट्रॅक्टर आला, वाटण्यांनी शेते लहान झाली, दुष्काळ लागोपाठ पडले. परंतु ज्या वस्तूची पुनर्विक्री अनिश्चित, ती वस्तू घेताना माणूस दहादा विचार करतो, हे कळायला पदवी लागत नाही.

आता चालकाच्या कामाकडे येऊ. जिवंत माल नेणे आणि निर्जीव माल नेणे यांत जो फरक आहे तो स्टेअरिंगमागे बसणाऱ्यालाच पुरता कळतो. सिमेंटची पोती वळणावर सरकत नाहीत; सरकली तरी पुन्हा आपल्या जागी जाण्याची धडपड करीत नाहीत. सहा बैल हौद्यात उभे असतात, आणि प्रत्येकाचे चारशे-पाचशे किलो वजन उंचावर तोललेले असते. चालकाने जोराने ब्रेक लावला की ते सगळे वजन एकदम पुढे येते, वळण घेतले की एका अंगाला जाते. एखादे जनावर पाय घसरून खाली बसले की इतरांच्या पायांखाली तुडवले जाते. म्हणून चालकाचा एक कान सतत मागे असतो. खुरांचा आवाज बदलला, फाळक्यावर धडका बसू लागल्या की गाडी कडेला घ्यायची, किन्नरने हौद्यात उतरायचे आणि पडलेल्या जनावराला शेपटी पिळून, खांदा लावून उठवायचे. अंधारात, भेदरलेल्या जनावरांच्या पायांत शिरून केलेले हे काम आहे. शिंग लागणे, पाय चेंगरणे, कासऱ्याने बोटे सोलवटणे यांना अपघात म्हणण्याची पद्धत नाही. मुतामुळे हौद्याचा पत्रा आणि लाकूड सडते. खेप संपली की गाडी धुवायची तीही किन्नरने, आणि त्याचे वेगळे पैसे नसतात.

बाजार सकाळी भरतो, सौदे दुपारपर्यंत चालतात. पावत्या, दाखले, देणे-घेणे आटोपून भरती सुरू होते ती उन्हे उतरल्यावर. भरतीला नीट उतरण असलेला धक्का नसेल तर बांधाचा वा मातीच्या ढिगाचा आधार घेऊन जनावर चढवतात. सकाळपासून बाजारात ताटकळलेला चालक अशा रीतीने दिवसभराचा थकवा घेऊन रात्रीच्या प्रवासाला लागतो. जनावराला उन्हाचा त्रास होऊ नये हे रात्री निघण्याचे एक कारण झाले. वाटेत डोळे कमी असावेत हे दुसरे. दुसरे कारण चोराचेच असते असे समजू नये. कागदपत्रे चोख असलेला माणूसही आज दिवसा जनावरे न्यायला कचरतो.

वेतनाची पद्धत बहुतेक खेपेवर. महिन्याच्या पगारावर असलेला चालकही असतो, पण त्याचेही खरे उत्पन्न खेपेच्या भत्त्यातून येते. अलीकडे आयशर आणि मोठे ट्रक यांच्या बरोबरीने लहान पिकअप या धंद्यात फार आल्या. त्यांत चालक हाच पुष्कळदा मालकही असतो. म्हणजे कागदावर मालक, वस्तुतः हप्त्यांचा गुलाम. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हप्ता गेला नाही तर गाडी ओढून नेली जाते. या गृहस्थाला खेप नाकारण्याचे स्वातंत्र्य कितपत असेल?

जनावरांच्या वाहतुकीचे नियम १९७८ साली केले गेले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली ते आहेत. मी ते सावकाश वाचले आणि मला ते चांगले वाटले. एका मालमोटारीत सहापेक्षा अधिक गुरे नेऊ नयेत. तळाला काथ्याची चटई किंवा फळ्या असाव्यात, जेणेकरून पाय घसरणार नाहीत. जनावरांची तोंडे शक्यतो इंजिनाकडे असावीत. प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला असावा आणि तो नसेल तर वाहतूकदाराने माल नाकारावा. सोबत एक राखणदार असावा. मालाबरोबर एक चिठ्ठी असावी आणि तिच्यावर पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव-पत्ते ठळक लाल अक्षरांत लिहिलेले असावेत. शेळ्या-मेंढ्यांसाठी चार-पाच टनी गाडीला चाळीसची मर्यादा आहे. यांतील एकही कलम अमानुष नाही, की अव्यवहार्य नाही. पुढे २०१५ मध्ये मोटार वाहन नियमांत भर घालून १ जानेवारी २०१६ पासून जनावरांच्या गाडीत कायमचे कप्पे असावेत, गाय वा म्हैस यांना किमान दोन चौरस मीटर जागा मिळावी आणि अशा गाड्यांना प्रादेशिक परिवहन कार्यालयाने खास परवाना द्यावा, असे ठरवण्यात आले.

मग हे नियम पाळले का जात नाहीत? निर्दयपणामुळे, असे एक सोपे उत्तर दिले जाते. मला ते अपुरे वाटते. पाचोडहून दीडशे किलोमीटरवरच्या गावी गाडी न्यायची तर डिझेल, टोल, टायरची झीज, चालक-किन्नरचा भत्ता आणि गाडीचा हप्ता हे सर्व खर्च सहा जनावरे भरली काय किंवा बारा भरली काय, जवळजवळ तेवढेच राहतात. सहाच भरली तर प्रत्येक जनावरामागचे भाडे दुप्पट होते. कायमचे कप्पे असलेल्या गाडीत येताना मोसंबी, कांदा वा खत भरता येत नाही, म्हणजे परतीची खेप रिकामी. ते भाडेही याच सहा जनावरांवर पडणार. हे वाढीव भाडे द्यायला व्यापारी तयार नसतो; त्याला सांगितले तर तो दुसरी गाडी पाहतो, आणि दुसरी गाडी मिळते. नियम पाळणारा मालक स्पर्धेत मागे पडतो. ही स्पर्धा जनावराच्या मोडलेल्या पायावर आणि चालकाच्या झोपेवर चालली आहे. गाडीत दाटीने कोंबलेली जनावरे पाहून ज्यांचा जीव कळवळतो, त्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे. त्यांनी फक्त भाड्याची पावतीही एकदा पाहावी.

आता जोखमीची वाटणी पाहा. पशुसंरक्षण कायद्याने वधासाठी जनावर नेणे हा गुन्हा ठरवला आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा ठेवली. जनावराचा वध होणार आहे किंवा होण्याचा संभव आहे हे नेणाऱ्याला माहीत असणे, हा या गुन्ह्याचा गाभा आहे. जनावर औताला जाणार, दुधाला जाणार की आणखी कोठे, हे घेणाऱ्याच्या मनात असते. चालकाला मिळतो एक फोन क्रमांक आणि एका गावाचे नाव. त्याच्या मनातील ज्ञान सिद्ध कसे करणार? २०१५ च्या दुरुस्तीने ही अडचण एका फटकाऱ्यात दूर केली होती; निर्दोषपणा सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच टाकला होता. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बैलांच्या वधावरील बंदी कायम ठेवली, परंतु हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. कामगार चळवळीने या निर्णयाचे महत्त्व जितके ओळखायला हवे होते तितके ओळखले नाही. तो निर्णय जसा आहाराच्या स्वातंत्र्याचा होता तसाच चालकाच्याही हक्काचा होता.

न्यायालयाने काढलेला भार रस्त्यावर मात्र कायम आहे. गुन्हा नोंदला गेला की व्यापारी घरी असतो, मालक फोनवर असतो आणि गाडीत चालक-किन्नर असतात. आरोपींच्या यादीत पहिली नावे त्यांची. जामीन, वकील, तारखा. ज्या तालुक्यात गाडी अडली तेथे महिन्या-दोन महिन्यांनी हजर राहायचे. त्या दिवसाची मजुरी बुडते आणि येण्याजाण्याचा खर्च अंगावर पडतो. खटला निकाली निघेपर्यंत दुसरा मालक कामावर ठेवायला नाखूश असतो. त्यातच २०१७ मध्ये केंद्राने जप्त जनावरांच्या देखभालीचे नियम केले. जनावरे गोशाळेकडे जातात, त्यांच्या चाऱ्यापाण्याचा खर्च आरोपींकडून घ्यायचा, तो खर्च फिटेपर्यंत गाडी तारण म्हणून ठेवायची, आणि मालक, पाठवणारा, घेणारा, वाहतूकदार या सर्वांनी त्या खर्चाला एकत्रितपणे व स्वतंत्रपणेही जबाबदार राहायचे, अशी त्यांची योजना आहे. कायद्याच्या भाषेत 'एकत्रितपणे व स्वतंत्रपणे' म्हणजे जो हाती सापडेल त्याच्याकडून. हाती सापडतो तो कोण, हे वेगळे सांगायला नको. दोषसिद्धीपूर्वीच जनावर काढून घेणे मूळ कायद्याशी विसंगत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये केंद्राला सुनावले होते. पिकअपचा मालक-चालक मात्र गाडी ठाण्याच्या आवारात गंजत असतानाही हप्ता भरत राहतो. तो थकला की वित्तसंस्था त्या गंजलेल्या गाडीवर हक्क सांगायला येते.

जमावाचे भय हा याहून भयंकर प्रकार आहे. गाडी थांबवून तपासण्याचा अधिकार कायद्याने उपनिरीक्षकाहून कमी दर्जा नसलेल्या पोलीस अधिकाऱ्याला किंवा शासनाने अधिकृत केलेल्या व्यक्तीला दिला आहे. मोटारसायकलींवरून पाठलाग करणाऱ्या पाच-दहा तरुणांना तो कोणी दिला? जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमावहत्या रोखण्यासाठी राज्यांना सविस्तर आदेश दिले. त्यानंतर पाच वर्षांनी, जून २०२३ मध्ये, आपल्याच नाशिक जिल्ह्यात इगतपुरी-घोटीच्या परिसरात एकाच महिन्यात दोन तरुणांचे प्राण गेले. एका गाडीत जनावरे होती, दुसऱ्या गाडीत गोमांस असल्याचा संशय होता. दोघेही माल नेणारे होते, दोघेही मुसलमान होते. पाचोड-पैठण भागातल्या चालकांत मराठा आहेत, वंजारी आहेत, धनगर, बौद्ध आणि मुसलमानही आहेत. चाकाला जात नसते. पण गाडी अडली की चालकाचे नाव विचारले जाते आणि त्या नावावर पुढचे सर्व काही ठरते. एकाच खेपेच्या एकाच मजुरीत हा इतका मोठा फरक दडलेला असतो.

भयालाही बाजारभाव असतो. धोका वाढला की गाड्या कमी होतात, भाडे वाढते, वाटेतल्या 'खर्चा'ची तरतूद करावी लागते. हे सगळे व्यापारी आपल्या खिशातून भरत नाही. शेतकऱ्याला देऊ केलेल्या किमतीतून तो ते आधीच वजा करतो. २०२५ मध्ये हे लख्ख दिसून आले. बकरी ईदच्या आधीच्या आठवड्यात जनावरांचे बाजार भरवू नयेत असे पत्र राज्याच्या गोसेवा आयोगाने काढले आणि टीका झाल्यावर ते फिरवावे लागले. पुढे पावसाळ्यात कुरेशी समाजातील व्यापाऱ्यांनी छळाला कंटाळून राज्यभर जनावरांची खरेदीच बंद केली. बाजारात आणलेली जनावरे शेतकऱ्यांनी तशीच परत नेली. ऑगस्टमध्ये उपमुख्यमंत्र्यांनी बैठक घेऊन पोलिसांव्यतिरिक्त कोणी गाड्या तपासू नयेत असे बजावले. व्यापारी बंद पाळू शकतो, कारण त्याच्याकडे थोडेफार साठवलेले असते. त्या काळात चालक कोठे होता, याची बातमी मला कोठे वाचायला मिळाली नाही. तो बहुधा वाळू, खडी नाहीतर कांदा भरत असावा. तेही न मिळाले तर घरी.

कामगार कायद्यांचे काय, असे कोणी विचारील. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्यासाठी दहा आणि चौपन्न. पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थेला तो लागू होता. पाचोडसारख्या गावी एका मालकाच्या एक-दोन गाड्या असतात, त्यामुळे तेव्हाही बहुतेक चालक कुंपणाबाहेरच राहिले. हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि तिने वाहतूक संस्थांची मर्यादा पाचावरून दहा कामगारांवर नेली. मागणी होती कुंपण रुंद करण्याची. शासनाने ते आणखी आत ओढले. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे केले, हे स्वागतार्ह आहे. परंतु ती सक्ती साडेतीन टनांवरच्या वाहनांना आहे, पिकअपला नाही. जानेवारी २०२४ मध्ये अपघात करून पळून जाण्याच्या गुन्ह्याला दहा वर्षे शिक्षा ठेवणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध देशभरचे चालक रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत शासनाला नमते घ्यावे लागले. ते कलम १ जुलै २०२४ रोजी इतर संहितेबरोबर अमलात आले नाही. चालक संघटित झाला तर काय करू शकतो याचा तो पुरावा होता. दुःख एवढेच की ती एकजूट शिक्षेच्या भयाने झाली. वेतन आणि कामाचे तास यांसाठी ती अजून व्हायची आहे.

ऊसतोडीच्या बैलांची वाहतूक हा याच प्रश्नाचा आणखी एक पदर. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अंबड, पैठण या पट्ट्यातून कोयते निघतात. गाडीवान कुटुंबांचे बैल, भांडीकुंडी, कडबा, शेळी, म्हातारी आणि लेकरे एकाच ट्रकमधून पश्चिम महाराष्ट्राकडे जातात. १९७८ च्या नियमाप्रमाणे जनावरांबरोबर दुसरा माल नेता येत नाही. येथे माणसे जातात. या गाड्यांच्या मागे कोणी लागत नाही, कारण त्या साखरेकडे निघालेल्या असतात. चालकाचे तास तेवढेच आणि हौद्यातली दाटी तेवढीच असते.

करता येण्यासारखे काय आहे? भाषणांची गरज नाही, बाजार समितीच्या पुढच्या बैठकीत मांडता येतील अशा चार गोष्टी आहेत. जनावरांच्या बाजारात खरेदी-विक्रीवर शुल्क घेतले जाते. त्या पैशांतून भरतीचा सिमेंटचा धक्का, पाण्याचा हौद आणि बाजाराच्या दिवशी हजर राहणारा पशुवैद्यक, एवढी व्यवस्था होऊ शकते. दाखला बाजाराच्या फाटकावर मिळाला तर तो वाटेत विकत घ्यावा लागणार नाही. असे दाखले पैसे घेऊन दिले जातील, अशी शंका काढली जाते. ती खोटी नाही. पण फाटकावरचा दाखला चारशे माणसांसमोर दिला जातो. हमरस्त्यावरची तडजोड दोघांतच होते.

पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव लाल अक्षरांत गाडीबरोबर असावे, असा नियम आहेच. तो पाळायला लावण्याची जबाबदारी बाजार समितीने घ्यावी. ही नावे पावतीवर असल्याखेरीज गाडी फाटकाबाहेर सोडू नये. मग गुन्हा नोंदवताना पोलिसांना चालकापासून सुरुवात करण्याचे कारण उरणार नाही. सहा जनावरांचे भाडे किती असावे हेही व्यापारी, मालक आणि चालक यांनी एकत्र बसून ठरवावे व ते फलकावर लावावे. बाजारात हमालीचे दर ठरतात, तोलाईचे ठरतात. भाड्याचे ठरू नयेत असा काही ईश्वरी नियम नाही.

राहिला संघटनेचा प्रश्न. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्राने देशाला एक वाट दाखवली होती. कामगाराला एक मालक नसला तरी चालेल. मंडळाकडे नोंद, मालामागे ठरावीक रक्कम आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, विमा, रजा. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांनी पुण्यात ज्यांना उभे केले ते हमालही असेच विखुरलेले, खेपेवर जगणारे होते. एका गाडीला एक मालक आणि एक चालक अशी रचना असलेल्या धंद्याला हे सूत्र लावता येईल का? मालक-चालक एकच असेल तेथे वर्गणी कोणी भरायची? मला वाटते, ती जनावर विकत घेणाऱ्याकडून, बाजाराच्या पावतीबरोबरच घ्यावी. म्हणजे गाडी कोणाचीही असो, खेप निघाली की चालक आणि किन्नर या दोघांच्या नावे रक्कम जमा होईल. यातून पहिला खर्च कायदेशीर मदतीचा असावा. खटला चालू असताना गाडी बंधपत्रावर सोडवून आणणे आणि चालकाला वकील देणे, ही कामे मंडळाने केली तर शिंग लागून मोडलेल्या बरगडीच्या औषधपाण्याची पाळी त्यानंतर येईल. किन्नरची नोंद मात्र पहिल्याच दिवशी व्हावी, कारण १९७८ च्या नियमाने गाडीत राखणदार सक्तीचा केला आणि त्याला मजुरी कोणी द्यायची हे लिहायचे राहून गेले.